'८०८०:८०'चं व्याकरण चालवताना

खानापूरहून एका वाचक ताईंचा प्रश्न आलाय. त्या डिप्लोमाच्या मुलांना डॉकर (प्रोग्राम आपापल्या बंद पेटीत, म्हणजे कंटेनरात, चालवणारं सॉफ्टवेअर) शिकवतात, बोलणं अर्थातच मराठी-कन्नड-इंग्रजी मिसळून. कुठल्याशा भाषांतरित धड्यात त्यांना 'बंदर क्रमांक' (पोर्ट नंबर) आणि 'बंदर प्रतिचित्रण' (पोर्ट मॅपिंग, म्हणजे बाहेरचं पोर्ट कंटेनरच्या आतल्या पोर्टला जोडणं) असे शब्द दिसले. त्या विचारतात, "पोर्टला बंदर म्हणणं बरोबर आहे का? आणि डॉकर ती पोर्टची ओळ 'पार्स' करतो, त्या पार्सला काय म्हणू? 'विश्लेषण' म्हटलं की मुलं जांभई देतात."

बंदर नको. पण भाषांतरकाराला हसण्याआधी तो तिथे कसा पोचला ते बघावं, कारण वाट सरळ समुद्राकडेच जाते. डॉकर म्हणजे गोदी कामगार. चिन्ह देवमाशाचं, त्याच्या पाठीवर पेट्या. कंटेनर म्हणजे न्हावा-शेव्याला उतरतात तसले. एवढं सगळं मांडल्यावर 'पोर्ट' दिसलं तर कोण बंदर म्हणणार नाही? त्यात आपण बेळगावकर. पूर्वी आपला माल वेंगुर्ल्याच्या बंदरातून जायचा-यायचा, आणि हिंडलगा, शिनोळीवरून जाणारा रस्ता आजही वेंगुर्ला रोडच आहे. पोर्ट म्हटल्यावर आपल्याला खाऱ्या वाऱ्याचा वास येणारच.

पण तारखा बघा. डॉकर २०१३ सालचं. टीसीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवायच्या रीतीचा जो मानक दस्तऐवज सप्टेंबर १९८१ मध्ये निघाला, त्यात पोर्ट हा शब्द नांदतोय. म्हणजे हा शब्द देवमाशाच्या पाठीवरून आलेला नाही, आधीपासून घरात होता. इंग्रजीत दोन पोर्ट आहेत. एक लॅटिन 'पोर्टुस'वरून आलेलं, ते बंदर. दुसरं 'पोर्टा'वरून आलेलं, म्हणजे दार, वेस. जहाजाच्या बाजूला तोफेसाठी ठेवलेली खिडकी हे दुसरं पोर्ट, आणि यंत्राला तार खुपसायची खाच हेही दुसरंच. मुळात दोन्ही शब्द चुलतभाऊ आहेत, पण घरं केव्हाच वेगळी झाली. नेटवर्कचं पोर्ट दाराच्या घरातलं.

मग दार म्हणावं का? द्वार? माझं मत असं की पोर्टच म्हणा आणि समजावताना गेट म्हणा. बेळगावात यासाठी आयता दाखला आहे, इतरांना तो मिळायचा नाही. टिळकवाडीच्या बाजूला रेल्वेची फाटकं आहेत, त्यांना आपण फाटक कधी म्हणतच नाही. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला तरी पत्ता सांगताना 'थर्ड गेटजवळ' हेच. रूळ एकच, गाव एकच, आत शिरायच्या जागा अनेक आणि त्यांना नाव नाही, नुसता नंबर. पोर्ट म्हणजे नेमकं हेच. यंत्राचा पत्ता एक, गेटं ० पासून ६५५३५ पर्यंत, कारण नंबर लिहायला १६ बिटांचीच जागा ठेवलीय. ८० वर साधी वेबसाइट, ४४३ वर कुलूपबंद वेबसाइट, २२ वर दूरचं यंत्र चालवणारे, ५४३२ वर पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस. रिवाजाने ठरलेलं.

'वेस' मलाही मोहात पाडून गेला. कन्नडमध्ये गावच्या वेशीला 'अगसी' म्हणतात, आपल्याकडच्या खेड्यांत दोन्ही शब्द एकाच कमानीखालून ये-जा करतात. पण वेशीत हद्द आली, आणि सीमाभागात हद्द म्हटलं की वर्गातली चर्चा डॉकरवर राहणार नाही. सोडून दिलं.

लिंगाचं ताई विचारत नाहीत, तरी सांगतो. काही जण 'तो पोर्ट' म्हणतात, इथली मुलं 'पोर्ट अडकलंय' म्हणतात. गेट, दार, बंदर सगळी नपुंसकलिंगी, त्यामुळे मलाही 'ते पोर्ट' बरं वाटतं.

आता पार्स. इथे मात्र मराठीला उसनं मागायची गरज नाही. इंग्रजीतला हा शब्द संगणकवाल्यांचा नाहीच, शाळामास्तरांचा आहे. लॅटिन व्याकरणाच्या तासाला शब्दावर बोट ठेवून विचारायचे, हा वाक्याचा कोणता भाग? भाग म्हणजे 'पार्स'. आपल्या शाळेत तोच प्रश्न कसा यायचा आठवा: 'अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.' नाम, सामान्यनाम, पुल्लिंग, एकवचन, षष्ठी. जुन्या व्याकरणांत यालाच पदपरिस्फोट हे भारदस्त नाव आहे. ते जड वाटलं तर त्याच्याच पोटातला शब्द घ्या. संस्कृत 'स्फोट'चं मराठीत 'फोड' झालं. संधीची फोड करतो तशी ओळीची फोड करा. कन्नड शाळेतली मुलं 'बिडिसि बरेयिरि' म्हणजे सोडवून लिहा हा प्रश्न ओळखतात, त्यांनाही फोड लगेच कळेल. 'डॉकर ही ओळ फोडून वाचतो', झालं भाषांतर. विश्लेषण म्हणजे बऱ्या-वाईटाचा विचार, आणि डॉकर तसला विचार करत नाही. तो फक्त तुकडे पाडून कोणता तुकडा कोण ते ठरवतो.

तर चालवू या व्याकरण. ओळ घ्या: १२७.०.०.१:८०८०:८०/टीसीपी. (मी देवनागरी आकडे लिहितोय, फाइलीत इंग्रजी आकडेच टाका. डॉकरला आपला ८ हा आकडा वाटत नाही.) शेवटची तिरपी रेघ आणि टीसीपी म्हणजे वाहतुकीची रीत. गाळली तर टीसीपीच धरतो, दुसरी हवी तर यूडीपी लिहावं लागतं. त्याच्या डावीकडचं ८० हे कंटेनरच्या आतलं गेट. त्याच्या डावीकडचं ८०८० हे यजमान यंत्रावरचं (ज्या यंत्रावर कंटेनर चालतो त्यावरचं), म्हणजे बाहेरचं गेट. सगळ्यात डावीकडे यजमान यंत्राचा कोणता पत्ता ते. तो पत्ता गाळला तर डॉकर यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर गेट उघडतो. डेटाबेस नुसता ५४३२:५४३२ लिहून चालवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. १२७.०.०.१, म्हणजे यंत्राचा स्वतःपुरता पत्ता, पुढे लावलं की गेट त्या यंत्राच्या अंगणातच राहतं.

दहा कंटेनरांच्या आत दहा वेळा ८० चालतं, प्रत्येकाचं अंगण वेगळं. बाहेरच्या एकाच पत्त्यावर मात्र ८०८० एकालाच मिळतं.

या ओळीची खरी गंमत मराठी माणसालाच कळावी अशी आहे. 'आईने मुलाला हाक मारली', 'मुलाला आईने हाक मारली'. शब्द कसेही फिरवा, 'ने' आणि 'ला' अर्थ धरून ठेवतात. ८०८०:८० मध्ये विभक्तीच नाही. दोन्ही प्रथमेत उभे, अर्थ फक्त जागेवर. मराठीतही असं कधी होतं: 'हातोडा दगड फोडतो.' उलटं करा, 'दगड हातोडा फोडतो', आणि बिचारा हातोडा फुटला. प्रत्यय नाही तिथे आधी आला तो कर्ता.

माझ्या भाच्याने हाच हातोडा फोडला. त्याचा प्रोग्राम आत ३००० वर ऐकत होता, बाहेर ८०८० हवं होतं, आणि पठ्ठ्याने लिहिलं ३०००:८०८०. डॉकर काही बोलला नाही, कारण आत ८०८० वर कुणी बसलंय का हे तो तपासतच नाही. कंटेनर चालू, ब्राउजर कोरा, संध्याकाळ गेली. "मामा, मी सगळं बरोबर केलोय की!" पुण्याचा वाचक इथे 'केलोय'ला दचकेल. आमच्याकडे 'मी केलं'चं 'मी केलो' होतं, क्रियापद कर्त्यामागून चालतं, कन्नडच्या शेजारात राहून लागलेली सवय. भाच्याचं वाक्य इथल्या व्याकरणाने शुद्ध होतं, ओळही डॉकरच्या व्याकरणाने शुद्धच होती. अर्थ तेवढा चुकला होता. त्याला मी एवढंच सांगितलं की घरात शिरताना आधी बाहेरचं दार लागतं, मग आतलं. तेव्हापासून उलटं लिहीत नाही.

विभक्ती हवीच असेल तर तीही मिळते. कंपोज या डॉकरच्याच जोडसाधनाच्या फाइलीत, जिथे कंटेनर कसे चालवायचे ते लिहून ठेवतात, हीच गोष्ट लांबीने लिहायची सोय आहे: 'टार्गेट' (आतलं गेट) ८०, 'पब्लिश्ड' (बाहेरचं गेट) ८०८०, 'होस्ट आयपी' (यजमान यंत्राचा पत्ता) अमुक, 'प्रोटोकॉल' तमुक. प्रत्येक पदाला नाव चिकटलं की क्रम कसाही चालतो. मुलांना शिकवताना आधी ही लांब रीत दाखवा, आखूड नंतर. आपण पोरांना समास आधी शिकवत नाही, सुटे शब्द शिकवतो.

मधल्या आडव्या रेघेने पल्ला दाखवता येतो, ३०००-३००५:३०००-३००५. हे मराठीतलं 'अनुक्रमे'. दोन्हीकडे पल्ला असेल तर संख्या सारखीच हवी.

फोड करणारे दोघे असले की घोटाळा होतो, ते अपूर्णविरामामुळे. कंपोजची फाइल यामल या लिपिपद्धतीत लिहितात. डॉकरच्या आधी ती यामलवाला वाचतो, आणि जुन्या यामलमध्ये अपूर्णविराम म्हणजे साठ-साठचा हिशेब, घड्याळासारखा. त्याने २२:२२ वाचलं की बावीस साठे आणि वर बावीस, म्हणजे १३४२. डॉकरच्या हाती तेवढा एक आकडा. अपूर्णविरामानंतरची संख्या साठच्या आत असेल तेव्हाच हे होतं, म्हणून ८०८०:८० सुटतं आणि २२ वाले सापडतात. अक्षरं तीच, वाचणारा बदलला. कन्नडमध्ये दुधाला 'हालु' म्हणतात, आणि "हाल आहेत का?" असा प्रश्न ऐकून नवखा पाहुणा "नाही हो, बरं चाललंय" म्हणतो, तसं. यामलची १.२ ही आवृत्ती २००९ मध्ये आली, तिने साठचा हिशेब सोडला, पण जुनी सवय असलेले वाचक अजून फिरतात. उपाय साधा आहे, जोडी अवतरणचिन्हांत ठेवा. अवतरण म्हणजे 'जसं लिहिलंय तसंच पुढे सांग' ही आपल्याकडचीही समजूत. आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यात तर अपूर्णविराम ठासून भरलेले, म्हणून तो चौकटी कंसात बसवतात: [::१]:८०८०:८०.

ताईंच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, 'एक्स्पोज' आणि 'पब्लिश' यांना वेगळे शब्द हवेत. हवेतच. एक्स्पोज ही नुसती नोंद आहे, आत अमुक गेटावर कुणी बसलंय एवढं सांगणारी. तिने बाहेर काहीच उघडत नाही. पब्लिशने उघडतं. म्हणून पहिल्याला 'नोंदवणं', दुसऱ्याला 'उघडणं' म्हणा. 'प्रकाशित करणं' मात्र नको, मुलं पुस्तक शोधायला लागतील.