कंदील मागच्या बाजूला का?

प्रिय ईरा,

परवा भांडी पुसताना तू विचारलंस, "बाबा, आपण आकाशकंदील मागच्या बागेत का लावतो? पुढे का नाही? आपल्याला लाज वाटते का?" मी "पुढे वारा फार असतो" म्हणून वेळ मारून नेली. वारा असतो, हे खोटं नाही. पण शेवटच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं असणार. म्हणून लिहितोय. शब्द अडले तर आईला विचार, माझं अक्षरही तिलाच लागतं.

आधी घराबद्दल. लंडनच्या उपनगरातल्या पिनरमधली ही जोडघरं १९३० च्या दशकातली. मेट्रोपॉलिटन रेल्वेनं रुळांलगतच्या आपल्या जमिनींवर वस्त्या वसवल्या, १९१५ पासून त्या पट्ट्याची 'मेट्रोलँड' म्हणून जाहिरात केली, आणि लंडनच्या धुरातल्या माणसाला विकलं काय, तर शांतता आणि स्वतःची बाग. बागाही दोन. पुढची लोकांनी बघायला, मागची आपल्याला वापरायला. कायदाही त्याच वळणाचा आहे: रस्त्यालगतचं कुंपण परवानगीशिवाय १ मीटरपर्यंतच उंच घालता येतं, मागचं २ मीटरपर्यंत. म्हणजे पुढे माणूस कमरेपासून वर दिसायलाच हवा आणि मागे दिसता कामा नये. म्हणून पुढे कपडे वाळत नाहीत, कुणी खुर्ची टाकून बसत नाही, आणि कचऱ्याचे डबे आदल्या रात्री बाहेर काढून गाडी गेली की लगेच आत ओढायचे असतात. हे कुणी शिकवत नाही. एकदा डबा दोन दिवस बाहेर राहिला की समजतं.

गिरगावात याच्या बरोबर उलटं. सगळा संसार पुढे, गॅलरीत. लोणच्याच्या बरण्या, बाळूकाकांची दाढी, माईंचं तांदूळ निवडणं, सगळं. आत फक्त झोपायचं आणि रुसायचं. दिवसा दार बंद दिसलं की शेजारी विचारणार, "काय, बरं नाही का?" इथे दार उघडं दिसलं की शेजारीण सांगायला येते, चुकून राहिलंय वाटतं. दोघांचाही हेतू चांगलाच. दिवाळीत चाळीच्या प्रत्येक मजल्यावर ओळीनं एकाच आकाराचे, एकाच रंगाचे कंदील. आपला वेगळा असावा असं तिथे मनात यायचं. इथे तोच कंदील वेगळा दिसेल म्हणून मागे जातो. यातलं शहाणपण किती आणि भिडस्तपणा किती, मलाही नीट सांगता येत नाही.

शांतता म्हणजे इथे आवाजच नको असं नाही. शनिवारी सकाळी गवत कापायचं यंत्र तासभर घोंघावलं तरी कुणाची हरकत नसते. रात्री ११ ते सकाळी ७ हा मात्र कायद्यानं रात्रीचा वेळ. आपली सामाईक भिंत नऊ इंची विटांची आहे. बोलणं तिच्यातून फारसं जात नाही, ठोकणं जातं. खलबत्ता त्या भिंतीला टेकलेल्या ओट्यावर ठेवला की प्रत्येक ठोका पलीकडच्या स्वयंपाकघरात पोहोचतो. म्हणून आई घडी घातलेला पंचा खाली घालून तो मधल्या टेबलावर ठेवते. मिक्सर सकाळी सातनंतर. चकल्या तळताना धुराचा अलार्म वाजतो, कारण स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं की वाफ जिन्यात जाते. दार बंद, पंखा चालू, खिडकी चार बोटं उघडी, एवढं केलं की तो गप्प बसतो.

आता कंदील. तुला खरं तर हेच हवं होतं ना?

२४ काड्या लागतात, सगळ्या अगदी सारख्या, ८ इंची. बागेच्या दुकानातला बांबू आणून चिरायला जाऊ नकोस. पेरापाशी सुरी भरकटते, कामटी एकीकडे जाड आणि एकीकडे कागदासारखी होते, आणि कंदील कलतो. त्यापेक्षा बार्बेक्यूच्या १२ इंची बांबूच्या काड्या घे आणि कापून ८ इंचांवर आण. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर, एक खाली, मधले चार टोकावर उभे, आणि सगळे कोपऱ्याला कोपरा जोडून. १२ गाठी होतात. चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, चार वरच्या अंगाला, चार खालच्या. उंची साधारण ११ इंच भरते.

फसतं ते इथेच. नुसता सांगाडा उचलला की पिळवटतो, कारण त्रिकोण घट्ट राहतो पण चौकोन दबतो. म्हणून मधल्या चार चौकोनांना ते जमिनीवर सपाट असतानाच कागद लावून घ्यायचा, आणि वरच्या-खालच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरकी काडी बांधायची. तिथे १२ इंची काडी न कापता बसते, वर टोकंही जरा बाहेर राहतात, त्यांना दोरा गुंडाळता येतो. दिवा वरच्या तिरक्या काडीला टांगायचा.

माई मैद्याची खळ वापरायच्या. इथे नोव्हेंबरच्या ओलाव्यात खळ वाळता वाळत नाही, आठवड्यात बुरशी धरते. शाळेत वापरता तो पांढरा गोंद चालतो. पतंगाच्या कागदाचा रंग दवानं उतरतो, खाली फरशीवर डाग पडतात. बेकिंगचा बटर पेपर टिकतो, त्यावर रंगीत पट्ट्या लाव. आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली: पूर्वी आत ४० वॅटचा पिवळा दिवा असायचा, त्याच्या उबेनं कागद आतून कोरडा आणि ताणलेला राहायचा. एलईडीला ऊब नाही, म्हणून इथे कागद दुसऱ्या दिवशी पोट सुटल्यासारखा लोंबतो. उपाय एकच, सकाळी कंदील आत आणून हॉलमध्ये ठेवायचा. झिरमिळ्या हातभरच कर आणि टोकं दोनदा दुमड, म्हणजे वजन येतं आणि वाऱ्यात गुंता होत नाही. खालून दोन बाजूंना दोरा ताणून बांधायचाच.

वायर दारातून काढायची नाही. आपलं दार रबराच्या कडेवर घट्ट दाबून बसतं, त्यात वायर चेपते आणि वरचं आवरण फाटतं. बाहेरच्या वापराची, बॅटरीवरची दिव्यांची माळ कंदिलात सोडली की काम झालं. आणि हो, मैत्रिणींना सांगताना 'स्काय लँटर्न' असं भाषांतर करू नकोस. तो इथे आत ज्योत लावून हवेत सोडायचा कागदी फुगा. बऱ्याच कौन्सिलांनी आपल्या जागेवरून तो सोडायला बंदी केली आहे, आणि शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतात. आपला कंदील कुठेही जात नाही, नुसता लटकतो.

पणत्यांत तूप नको, थंडीत गोठतं आणि वात तडफडून विझते. तेलच घाल. रांगोळी पुढे काढायचीच असेल तर पोर्चच्या आत, आणि दाराकडे फूटभर वाट सोडून. पत्रपेटी दारातच आहे, पोस्टमनला तिथपर्यंत यावंच लागतं, आणि बिचारा रांगोळी तुडवायची नाही म्हणून एका पायावर उभा राहतो.

फराळाचं ताट शेजारी आपणच देतो, पुढच्या दारानं. तेवढं मी कधी सोडलेलं नाही. शनिवारी अकराच्या सुमारास जायचं, घंटी एकदाच, मग दोन पावलं मागे. चिवड्यात दाणे, चकलीत तीळ, लाडवात काजू, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचं, कुणाला ॲलर्जी असली तर कळावं म्हणून. सगळ्यात बिनघोर शंकरपाळी. तरी त्यातही मैदा आणि दूध आहे, तेही लिही. ताट परत येतं ते घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. आपल्याकडे भांडं रिकामं पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी. ते बघून आजीला वाईट वाटलं होतं, तुला आठवत असेल. पण इथे आदर धुण्यात असतो, आणि कार्ड नंतर येतं.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, ते १९३२ पासूनचं, पुढचं-मागचं काहीच नसतं. तिथे बाबा मोठ्यानं बोलतो, असं तूच म्हणतेस.

आता तुझा शेवटचा प्रश्न. लाज नाही, असं लिहिलं होतं, मग खोडलं. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, ही सवय आहे, आणि ती मी इथे येताना बरोबर आणलेली नाही, इथेच लागली. पण ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोवीनला, याच गल्लीत पायऱ्यापायऱ्यांवर दात विचकलेले भोपळे बसतात, तेही पुढे, आणि कुणाची शांतता भंगत नाही. इंग्लंडचा फटाक्यांचा २००४ चा नियम तर दिवाळीचं नाव घेतो: बहुतेक दिवशी रात्री ११ पर्यंत, ५ नोव्हेंबरच्या त्यांच्या फटाक्यांच्या रात्री १२ पर्यंत, आणि दिवाळीच्या रात्री १ पर्यंत. कायद्यानं आपल्याला दिलेली जागा मी वापरतच नाही, एवढं तरी तुझ्या प्रश्नामुळे कळलं. फटाके मला तसेही आवडत नाहीत, ते सोड.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. साडेचारच्या आत सूर्य मावळेल, म्हणजे कंदील चहाच्या वेळेलाच लावता येईल. पोर्चच्या कमानीत आधीच्या मालकांचा एक हुक आहे, फुलांची टोपली टांगायचा. कंदील तो सहज पेलेल. तुला वाटलं तरच. नाहीतर मागचा खिळा आहेच. काड्यांची दोन पाकिटं आणून जिन्याखाली ठेवली आहेत.

बाबा