पहिल्याच मिग-21 च्या किटमध्ये बारीक चुका राहिल्यात, टाकून देऊ का? की हे असंच चालतं?

टाकून देऊ नका. आधी तेवढं सांगतो, मग बाकीचं.

तुम्ही लिहिलंय की 1/72 चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मिग-21 हे तुमचं पहिलंच किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल, पंखाच्या बुडाशी केसाएवढी फट राहिली, पाठीवर सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) लागलेल्या बोटाचा ठसा उमटला, डेकलच्या (विमानावर बसवायच्या खुणांच्या पातळ स्टिकरच्या) खाली चांदीसारखं चमकतंय, आणि रोज रात्री तेच बघत बसता नि वाटतं की उचलून कचऱ्यात टाकावं. मी अगदी यातूनच गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात मापं घ्यायचं व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर नुसतं 20 एमएम असं कधी नसतं, पुढे प्लस-मायनस 0.05 किंवा 0.02 काहीतरी असतंच, आणि समोर लिहिलं नसेल तर खाली कोपऱ्यातल्या चौकटीत जनरल टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, दिलेला असतो. म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्यालाच पक्कं माहीत असतं की तंतोतंत 20 येणार नाहीये, त्याचं काम एवढंच की किती चुकलं तर चालेल हे जॉब (बनवायचा भाग) मशीनवर चढायच्या आधी ठरवायचं. हे मी वर्षानुवर्षं रोज करतोय, पण घरी येऊन किटसमोर बसलो की सगळं विसरायचो, तिथे मला झिरोच पाहिजे असायचं.

माझं दुसरं किट पण मिग-21 च होतं. लहानपण नाशिकच्या ओझरजवळ गेलं, तिथे एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात ही विमानं बनायची, त्यामुळे आवाज आला की आम्ही पोरं द्राक्षाच्या बागेतून धावत बाहेर यायचो, हे विमान माझ्यासाठी घरचं आहे. तर त्या किटचे फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे चिकटवले आणि पाठीवर सांध्याची रेघ दिसायला लागली. पुट्टी लावली, सुकली, पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, रेघ दिसतेच. परत पुट्टी, परत घासलं. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी रेघ गेली, पण विमान हातात धरून समोरून बघितलं तर पाठीची गोलाई गेलेली, वरून चपटी झालेली, आणि आजूबाजूच्या पॅनल लाइन्स (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरलेल्या रेघा) पण पुसल्या गेलेल्या.

शॉपमध्ये नवीन आलेल्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो, शाफ्ट ओव्हरसाइज असेल तर रिवर्क होतो, अंडरसाइज झाला की स्क्रॅप. कारण काढलेलं मटेरियल परत येत नाही. मी माझं मिग अंडरसाइज करून बसलो होतो, तेही एका अशा रेघेपायी जी रंग दिल्यावर कोणाला दिसली पण नसती. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, दोन महिन्यांचं काम होतं ते.

आता जरा हिशोब बघा, मला याच हिशोबाने शांत केलं. 1/72 म्हणजे तुमचा 1 एमएम हा खऱ्या विमानावर 7.2 सेंटीमीटर. मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे तुमच्या टेबलावर तो जेमतेम 10 सेंटीमीटर भरतो. किटवर कोरलेली पॅनल लाइन साधारण 0.2 एमएम रुंद धरली तर ती खऱ्यावर 14 एमएमची झाली, तुमचं बोट जाईल एवढी! खऱ्या विमानाला अशा भेगा असतील तर ते कोणी उडवेल का? पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा एमएम जाड असेल तर ती झाली 36 एमएम, खरी कड त्यामानाने पातळ असते. म्हणजे डबा उघडायच्या आधीच किट चुकलेलं असतं, आणि ते चुकणारच, त्याहून पातळ प्लास्टिक साच्यात नीट भरतही नाही नि हातात टिकतही नाही. तुमची केसाएवढी फट 0.1 एमएम धरा. पॅनल लाइनच्या निम्मी.

दुसरं, तुम्ही ते बघता कुठून? मॉडेल 30 सेंटीमीटरवर धरून बघणं म्हणजे खरं विमान 21.6 मीटरवरून बघणं, सातमजली इमारतीच्या गच्चीतून खाली उभं असलेलं विमान बघावं तसं. तिथून 7 एमएमची फट डोळ्याला जेमतेम कळेल. पण आपण करतो काय, मोबाईलचा मॅक्रो लावून फोटो काढतो, तो अजून झूम करतो आणि मग झोप घालवून घेतो. मी आता नियमच केलाय, फोटो फक्त हातभर अंतरावरून, आणि जी चूक हातभर अंतरावरून दिसत नाही ती माझ्या टॉलरन्समध्ये आहे, तिला हात लावायचा नाही.

हातभर अंतरावरून काय दिसतं ते मात्र सोडू नका, इथे मी कडक आहे. समोरून बघा, मागचं उभं शेपूट सरळ आहे का, दोन्ही पंख सारखेच खाली झुकलेत का. मिग-21 चे पंख किंचित खाली झुकलेले असतात, साधारण 2 अंश, त्यामुळे झुकलेत म्हणून घाबरू नका, पण डावा जास्त नि उजवा कमी असं झालं तर ते खोलीच्या दारातून पण खुपतं. त्यासाठी सिमेंट ओलं असतानाच विमान दोन वह्यांच्या मध्ये उभं करून ठेवायचं. आणि कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक काच. कॅनोपीच्या जवळ सुपरग्लू अजिबात नाही, त्याची वाफ लागून आतून पांढरट धुरकट होतं. बाकी नाकावरची पिटॉट नळी (हवेतला वेग मोजायची) किटमध्ये जाडजूड येते आणि शंभर टक्के तुटतेच, ती तुटली की रडू नका, इंजेक्शनची बारीक सुई कापून लावा, ती प्लास्टिकपेक्षा बारीक पण असते आणि मजबूत पण.

रंगाबद्दल एक सांगतो. 1971 च्या युद्धाच्या वेळी आपली चांदीसारखी चकचकीत मिग-21 एफएल (मिग-21 चाच एक प्रकार) घाईघाईत तळावरच रंगवली गेली, त्यामुळे स्क्वाड्रनगणिक कॅमोफ्लाज वेगवेगळा दिसतो, पट्टे कुठे रुंद, कुठे कडा फाटल्यासारख्या. त्यातल्या एकाचं किट मी जुने फोटो समोर ठेवून केलं आणि मास्किंग टेप न लावता ब्रशनेच रंगवलं, कारण खऱ्याचाच रंग तसा होता. ती माझी सगळ्यात आवडती कडा आहे, किंचित थरथरलेली. उलट बेअर मेटल फिनिश, म्हणजे उघड्या धातूसारखा चांदी रंग, पहिल्या किटला कोणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, चांदी रंग खालचा प्रत्येक ओरखडा दाखवतो, 1200 च्या बारीक पॉलिश पेपरचा सुद्धा.

आता तुमच्या तीन गोष्टी.

डेकलखालची चांदी म्हणजे अडकलेली हवा आहे, मॅट रंग खरखरीत असतो त्यावर डेकल नीट बसत नाही म्हणून होतं. बारीक सुईने त्या जागी चार-पाच टोचे मारा, वरून ब्रशने डेकल सॉफ्टनर सोडा, ते नसेल तर काही जण पांढरं व्हिनेगर पाणी घालून वापरतात. डेकल सुरकुतेल, त्या वेळी बोट लावायचं नाही, सुकताना आपोआप ताणलं जातं. पूर्ण नाही गेलं तरी निम्मं जाईल. पुढच्या वेळी डेकलच्या आधी ग्लॉस वार्निशचा हात.

बोटाचा ठसा मी तुमच्या जागी असतो तर सोडूनच दिला असता. सिमेंटने प्लास्टिक वितळून ते रंगाखाली गोठलंय, काढायचं तर पाणी लावून 800 मग 1200 चा पेपर, मग परत रंग, आणि जुन्या रंगाशी नवीन शेड जुळत नाही, ठशाच्या जागी ठिगळ दिसेल. हातभरावरून दिसतो का बघा. दिसत नसेल तर तो तुमच्या हाताचा आहे, राहू द्या. यापुढे सिमेंट सांडलं की पुसायला जायचं नाही, दोन दिवस तसंच सुकू द्यायचं, ठसा पुसताना उमटतो.

फटीला पुट्टी नको, घासायला गेलात की रंग गेला. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दाताच्या काडीने फटीत ओढा, आणि वरचं लगेच ओल्या इअरबडने पुसून टाका, सुकल्यावर त्याच रंगाचा एक बारीक ब्रश. घासायची गरजच नाही. फेविकॉल सुकताना आत बसतं, त्यामुळे सकाळी बघाल तर फट परत थोडीशी दिसेल, तेव्हा दुसरा हात मारा. तिसरा नको.