वाचकांचे प्रश्न : टीव्हीचा उजेड आपोआप का उतरतो?

प्रश्न : आमचा ५५ इंची एलईडी टीव्ही आहे. रात्री नाटकाचे चित्रीकरण लावले आणि पात्रे एका जागी बसून बोलू लागली की चित्र हळूहळू काळवंडते. जाहिरात लागली की पुन्हा उजळते. ब्राइटनेस वाढवून पाहिला, तर काळा पडदा राखाडी दिसायला लागला. पॅनल गेले असेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : जाहिरातीला पूर्ण उजेड परत येतो, म्हणजे पॅनल आणि बॅकलाइट (पडद्यामागचे एलईडी दिवे) ठीक असणार. टीव्ही स्वतःच उजेड उतरवतो आहे. तुम्ही वाढवलेला ब्राइटनेस हा काळ्या रंगाची पातळी ठरवणारा असावा, म्हणून काळे राखाडी झाले. तो मूळ आकड्यावर आणा. खरा उजेड बॅकलाइटचा. इथे नावांचा घोळ फार आहे. एलजीच्या बऱ्याच एलईडी टीव्हींत त्याला 'बॅकलाइट'च म्हणतात. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हींत आणि सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हींत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट. काळ्याची पातळी सोनीत 'ब्लॅक लेव्हल' आणि सॅमसंगमध्ये 'शॅडो डिटेल' या नावाखाली असते.

आता तोच प्रवेश पुन्हा लावा आणि एका वेळी एकच गोष्ट बंद करून दोन-तीन मिनिटे पाहा. सगळे एकदम बंद केले तर दोष कशाचा होता ते कळत नाही. आधी पिक्चर मोड 'इको' असेल तर 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करा. मग वीजबचत बंद करा : सॅमसंगमध्ये ती 'पॉवर अँड एनर्जी सेव्हिंग'मध्ये, एलजीत 'एनर्जी सेव्हिंग' या नावाने सापडते. सॅमसंग असेल तर त्याच पानावरचे 'मोशन लायटिंग' सर्वांत आधी बंद करा. पडद्यावरची हालचाल कमी झाली की ते उजेड कमी करते, आणि बसून बोलण्याच्या प्रवेशात हालचाल ती कितीशी असणार! तुमची लक्षणे याच्याशीच सर्वांत जास्त जुळतात.

एवढ्याने भागले नाही तर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा. अंधारा प्रवेश आला की ते संपूर्ण बॅकलाइट खाली ओढते. 'लोकल डिमिंग' (पडद्याच्या भागाभागाचा उजेड वेगवेगळा उतरवणारी सोय) असेल तर ते मात्र आधी 'लो'वर आणून पाहा, कारण चांगल्या टीव्हीत काळ्या रंगाची खोली त्याच्यामुळेच मिळते.

शेवटी प्रकाश सेन्सर. तो बहुतेक वेळा पडद्याच्या खालच्या कडेला, रिमोटच्या डोळ्याजवळ असतो. समोर साउंडबार ठेवला की खोलीत अंधार आहे असे त्याला वाटते. पावसाळ्यात दुपारी ढग आले-गेले तरी चित्र वर-खाली होते, आणि चवथीची लुकलुकणारी माळ जवळ असली तर विचारूच नका. 'ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन', 'एआय ब्राइटनेस', 'लाइट सेन्सर' यांपैकी जे नाव तुमच्या टीव्हीत असेल ते बंद करा.

बरेच टीव्ही पिक्चर सेटिंग प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळे साठवतात, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन या जास्त उजेड-रंगाच्या चित्रप्रकारांसाठी तर आणखी वेगळे. केबलच्या बॉक्सवर दुरुस्त केलेले ॲपमध्ये लागू होईलच असे नाही. तिथला कार्यक्रम चालू असतानाच मेनू उघडून पुन्हा पाहा. बॅकलाइट कायम शंभरावर ठेवू नका. उष्णतेने एलईडी लवकर झिजतात. रात्री पन्नास-साठ टक्के पुरतात.

प्रश्न : ओएलईडी टीव्हीवर बातम्या बराच वेळ चालू राहिल्या की चित्र मंद होते. रिमोटने मेनू उघडला की लगेच उजळते. (मडगाव)

उत्तर : हे पडद्याचे संरक्षण आहे. चित्र बराच वेळ फारसे बदलले नाही तर त्याचा ठसा पडद्यावर उमटू नये म्हणून टीव्ही उजेड उतरवतो. मेनू आला की चित्र बदलले असे त्याला वाटते. वाहिनीच्या चिन्हाभोवतीचा उजेड कमी करणारी सोय एलजीत 'ओएलईडी केअर'मध्ये असते, ती 'लो'वर आणता येते. पूर्ण मंदावणे मात्र साध्या मेनूतून बंद होत नाही. तंत्रज्ञांसाठीच्या सर्व्हिस मेनूत शिरून ते बंद करण्याचे उपाय सांगितले जातात. ते करू नका. वॉरंटी धोक्यात येते आणि चिन्हाचा ठसा उमटला तर तो पुसता येत नाही. पडदाभर पांढरे दृश्य आल्यावर उजेड उतरणे ही वेगळी गोष्ट : तेव्हा सगळे पिक्सेल एकदम वीज ओढतात, म्हणून टीव्ही मर्यादा घालतो. तेही बिघाडाचे लक्षण नव्हे.

प्रश्न : सगळे बंद केले तरी एलईडी टीव्ही दोन सेकंद उजळून काळा होतो, आवाज चालू राहतो. (पेडणे)

उत्तर : हे सेटिंगचे काम नाही. खोली अंधारी करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. पुसट चित्र दिसले तर बॅकलाइट गेला. पट्ट्यांतले एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की अख्खी ओळ विझते आणि संरक्षण म्हणून ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे सर्किट) उरलेलीही बंद करतो. मागचे झाकण स्वतः उघडू नका, आत प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहू शकते. दुरुस्तीला देताना एकच पट्टी न बदलता पूर्ण संच बदलायला सांगा, नाहीतर नव्या-जुन्या पट्ट्यांच्या उजेडातला फरक पडद्यावर दिसतो.