अमेरिकेचं यादवी युद्ध वाचायला घेताना

लढायांपासून सुरुवात करू नका. गेटिसबर्ग, विक्सबर्ग नंतर येतीलच. आधी डिसेंबर १८६० ते एप्रिल १८६१ हे महिने नीट वाचा. लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतली राज्यं संघातून फुटत गेली आणि त्यातल्या काहींनी फुटण्याची कारणंही लिहून ठेवली. मिसिसिपीचं निवेदन जरूर बघा. आमची भूमिका पूर्णपणे गुलामगिरीशी जोडलेली आहे, असं ते सुरुवातीलाच सांगतं. ‘भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं’ असं कुणी म्हणालं, तर ‘कसला हक्क?’ एवढं विचारा. आयात मालावरच्या जकातीचा वादही होता, पण माझ्या मते तेवढ्यावरून युद्ध पेटलं नसतं.

परिणाम वाचताना १८६५ला थांबू नका, ही कळकळीची विनंती. गुलामगिरी संपली, सुमारे ४० लाख माणसं मुक्त झाली, १८७०मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्कही मिळाला. पण १८७७मध्ये केंद्र सरकारनं दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं आणि पुढे तो हक्क हिरावला गेला. बहुतेक नवे वाचक नेमकं हेच प्रकरण गाळतात.

आपल्याकडचे धागेही सोडू नका. उत्तरेनं केलेल्या दक्षिणेच्या बंदरांच्या नाकेबंदीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले, समुद्रात भर घालून जमीन करू पाहणाऱ्या मुंबईच्या बॅकबे कंपनीच्या शेअरांचा सट्टा फुगला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मुळातून वाचा.