जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीची बांधणी कशी ओळखावी

मुंबईहून ट्रेलरवर छत्रपती संभाजीनगरला आणलेली तुमची २५ फुटी बोट, कागद नाहीत, विकणारा म्हणतो ‘सगळी भरीव फायबर आहे’, आणि तुम्हाला डेकवर (बोटीच्या वरच्या फरशीवर) नवी विंच, म्हणजे शिडाचे दोर ओढायचा रहाट, बसवायची आहे. दादा, ड्रिल तूर्त हातात घेऊ नका. जुन्या फायबरच्या बोटींचा हल (पाण्यात बसणारं खालचं अंग) बहुधा भरीव असतो, डेक मात्र क्वचितच. वजन वाढू नये आणि पायाखाली लवू नये म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं लाकूड किंवा प्लायवूड घालत. तिथं नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला की पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजतं. वरून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

म्हणून आधीपासून असलेली भोकं गाठा. कठड्याच्या खांबाचा पाया किंवा हवेची झडप, जे विंचच्या जागेजवळ असेल ते खोला आणि टॉर्च लावून कड बघा. मधे फिकट, हलकं लाकूड आणि त्याचे तंतू उभे, म्हणजे बाल्सा. पातळ आडवे पापुद्रे एकावर एक, तर प्लायवूड. वरपासून खालपर्यंत फायबरचेच थर, तरच भरीव. एक जागा बघून पूर्ण डेकचा निकाल लावू नका. जिथं फिटिंग बसवायचं तिथं कोर (मधलं लाकूड) न घालता भरीव ठेवण्याचीही पद्धत होती.

मग प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर हलके ठोकत जा. माठ घेताना टिचकी मारतो तसाच कान लावायचा: खणखणीत आवाज चांगला, बद्द आला तर तिथं थर सुटलेत किंवा लाकूड मेलंय. खडूने खुणा करत गेलात तर खराबीचा नकाशाच तयार होतो. ओलावा मोजायचं मीटर कुणी वैशाखात आणलं तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर कोरडा होतो, कोर ओलाच राहू शकतो.

हलसाठी तेच ऊन कामी येतं. दुपारी आत शिरून झाकणं लावा. बाहेर गडद रंग नसेल तर पातळ भरीव भागातून उजेड झिरपतो. बाल्सा असेल तर ठोकळ्यांचे चौकोन उमटतात. लॉकरमध्ये रंग नसलेल्या जागी रोव्हिंगची (काचतंतूंच्या विणलेल्या कापडाची) जाडसर वीण दिसते. फायबरच्या टाक्या बनवणारा एमआयडीसीतला कुठलाही जुना कारागीर मॅट (न विणलेले, विस्कटलेले काचतंतू) कुठली नि रोव्हिंग कुठलं ते लगेच सांगेल, त्याला जरूर न्या.

कील (बोटीच्या तळाचा वजनदार कणा): बिल्जमध्ये, म्हणजे आतल्या सगळ्यात खालच्या खोलगट जागेत, मोठे नट दिसले तर बोल्टची, नाहीतर वजन बहुधा फायबरच्या आतच. बोल्टची असेल तर बाहेरून कीललाच चुंबक लावा. चिकटलं तर बीड, नाहीतर शिसं.

बोट कुठल्या सालची ते कळायला ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) उजव्या वरच्या कोपऱ्यात तिरपा उजेड टाका. बोट अमेरिकन असेल तर, १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत तिथं अक्षरं-आकडे मिळून १२ खुणांचा क्रमांक सक्तीचा झाला. रंगाखाली दबलेला असू शकतो. शिडावरच्या आकड्यावरून साल ठरवू नका, शिडं बदलली जातात.

बाल्सा निघालाच, तर भोक मोठं पाडा, कडेचं लाकूड खरवडा, घट्ट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरा, ते पूर्ण कडक झालं की त्यातून बोल्टचं भोक पाडा. खालून बॅकिंग प्लेट (बोल्टचा ताण पसरवणारी पट्टी) हवीच, विंचवर ओढ जबरदस्त येते.