कौलं न फुटता आणि धूळ न उडवता कशी कापायची?

प्रश्न : नमस्कार काका, कसबा पेठेत आमचं जुनं घर आहे, मंगलोरी कौलांचं. दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली म्हणून बदलली, आता तिथं तिरकी कौलं कापून बसवायचीत. मिस्त्री छपरावर बसूनच ग्राइंडर चालवतात, चारातली दोन फुटतात आणि लाल धूळ अख्ख्या आळीत जाते, शेजारी बोलायला लागलेत. धाकटे दीर म्हणतात फरशी तोडायचं हातकटर आहे ना, त्यानं तोडू. पाऊस तोंडावर आलाय, काय करावं?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : ताई, आधी मिस्त्रींना छपरावरून खाली उतरवा. उतारावर उकिडवं बसून एका हातात कौल धरायचं आणि दुसऱ्या हातानं ग्राइंडर चालवायचा, यात पाय सटकला तर माणूस चालू मशीनसकट खाली येतो. वर फक्त खुणा करायच्या, त्याही फळी टाकून. अख्खी कौलं जागेवर मांडा, पन्हळीच्या दोन्ही बाजूंना लाइनदोरी ताणा, मध्ये चार-पाच इंच मोकळं ठेवा नाहीतर पानं अडकून पाणी उलटं घरात येतं, मग दोरीखाली पेन्सिलनं रेघ मारून प्रत्येक कौलावर नंबर टाका आणि खाली द्या.

आता फुटण्याचं. कौल उलटं करून बघा, खाली रिपेला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकायच्या खुंट्या आणि उंचवटे असतात, त्यामुळे फरशीवर ठेवलं की ते डगमगतं आणि ब्लेडच्या दाबानं मधेच तडकतं. पोत्यात वाळू भरून त्यावर कौल दाबून बसवा, हललं नाही पाहिजे. त्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे, ते कापायच्या भानगडीत पडू नका. ब्लेड डायमंडचं, कड अखंड असलेलं घ्या, खाचा असलेल्यानं कड जास्त टवके खाते. पहिल्यांदा रेघेवरून नुसती उथळ खाच पाडायची, मग त्याच खाचेतून दोन-तीनदा फिरवून आरपार जायचं. जोर लावायचा नाही, मशीनला तिच्या वजनानं जाऊ द्या.

दिरांना सांगा हातकटर नको. ते सपाट टाइलवर ओरखडा काढून तोडायचं हत्यार आहे, कौलाच्या नाळ्यांवर चाक टेकतच नाही.

धुळीबद्दल मात्र जरा नीट ऐका, शेजारी बोलतात त्याहून हे मोठं आहे. भाजलेल्या मातीत सिलिका असते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, त्यातून सिलिकोसिस होतो आणि झालेला बरा होत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालानं हे कण अडत नाहीत, मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा दोघांनाही एन-९५ मास्क आणि गॉगल द्याच, मजुरीत धरू नका. आणि कोरडं कापूच नका. पाण्याची नळी जोडता येणारा मार्बल कटर वापरा, बोहरी आळीत हार्डवेअरवाल्यांकडे विचारा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं नाही, शॉक बसेल. ग्राइंडरच वापरावा लागला तर कौलं आधी टबात भिजवून, निथळून घ्या, धूळ कमी होते, पण मास्क तरी लागतोच. मशीन तीस मिलीअँपच्या आरसीसीबीवरून, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणाऱ्या स्विचवरून चालवा, गार्ड काढू देऊ नका, ओढणी, सैल बाही, हातमोज्याचं लोंबतं टोक काही जवळ नको.

तिरक्या कापात हाताच्या पंज्याएवढे त्रिकोणी तुकडे उरतात, ते नुसते ठेवले तर पहिल्याच वाऱ्यात घसरतील. बारीक मेसनरी बिटनं, हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडा आणि तांब्याच्या तारेनं रिपेला बांधा. सिमेंटनं थापू नका, दोन उन्हाळ्यांत सुटतं आणि खालचं कौलही घेऊन येतं.

जुन्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा, म्हणजे मंगलोरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या मिशनरी संस्थेचा, ठसा आणि १८६५ दिसला तर ते कापायच्या ढिगात टाकू नका, अख्खंच दुसरीकडे वापरा. ते साल मंगलोरच्या कारखान्याच्या सुरुवातीचं आहे, त्या कौलाचं नाही, पण तशी कौलं आता नवी मिळत नाहीत.

आणि मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तेच ब्लेड त्यांच्यावर अजिबात चालवू देऊ नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते कापायचं, घासायचं, फोडायचं नाही, पत्रा अख्खा काढून घ्यायचा.