निळा गर्भ नेमके काय सांगतो?

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एका शोधनिबंधात उंदराच्या गर्भांचे छायाचित्र पाहिले. त्यात एक गर्भ पूर्ण निळा होता, दुसऱ्याची पाठ पांढरी आणि पोट निळे होते, तिसरा पांढराशुभ्र होता. त्यावरून त्वचेचा संरक्षक अडसर तयार झाल्याचे कसे ठरवतात? आणि ही एकच चाचणी पुरेशी असते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाहिलेली चाचणी रंग आत शिरतो की नाही, यावर बेतलेली आहे. गर्भ आधी चढत्या प्रमाणातल्या मिथेनॉलमधून आणि मग उलट क्रमाने पुन्हा पाण्यात आणतात, त्यानंतर टोल्युइडिन ब्लू या रंगाच्या द्रावणात बुडवून जादाचा रंग धुऊन टाकतात. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, पक्का झाला असेल तर रंग आत जात नाही. उंदरात हा अडसर गर्भावस्थेच्या साधारण 16व्या दिवशी पाठीकडून तयार होऊ लागतो आणि पोटाकडे सरकत जातो. म्हणूनच दुसऱ्या गर्भाचे पोट निळे राहिले. येथे हात फार हलका लागतो, कारण चिमट्याचा एवढासा ओरखडा उठला तरी तेथे निळी रेघ उमटते आणि नवख्याला तोच जनुकातला दोष वाटतो.

मात्र ही एकच चाचणी पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग बाहेरून आत काय जाते एवढेच दाखवतो, तर जन्मलेल्या पिल्लाचा जीव आतले पाणी बाहेर न जाण्यावर अवलंबून असतो. 2002 साली जपानी संशोधकांनी क्लॉडिन-1 हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेतील पेशींचे थर व्यवस्थित रचलेले दिसत होते; तरीही पिल्लांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या आणि शरीरातले पाणी आटून ती जन्मानंतर एका दिवसात दगावली. पेशींमधले घट्ट सांधे सैल पडले होते, हे त्वचेखाली टोचलेले चिन्हद्रव्य, म्हणजे माग काढता येणारा पदार्थ, वर झिरपल्यावरच उघड झाले.

पाण्याची ही गळती मोजण्यासाठी त्वचेवर एक लहानशी नळी टेकवतात. तिच्यात दोन वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले संवेदक आर्द्रता व तापमान टिपतात आणि त्यांतल्या फरकावरून दर चौरस मीटरमागे ताशी किती ग्रॅम पाणी उडते, हे काढता येते. प्राणी शांत हवा, खोलीतला पंखा बंद हवा आणि केस कापायचे असतील तर आदल्या दिवशी जपून कापलेले हवेत, नाहीतर वस्तऱ्याने केलेली इजाच मोजली जाते. काही प्रयोगांत चिकटपट्टीने वरचे पापुद्रे काढतात आणि अडसर किती तासांत सावरतो ते पाहतात. माझ्या मते एकट्या आकड्यापेक्षा ही सावरण्याची गती अधिक बोलकी असते.

पदार्थ त्वचेतून किती झिरपतो, एवढाच प्रश्न असेल तर जिवंत प्राणी लागतोच असे नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या कानाची त्वचा फ्रान्झ कोष नावाच्या काचपात्रात बसवूनही हे मोजता येते आणि शक्य असेल तेथे तोच मार्ग धरावा. आपण पाहिलेल्या निबंधात पाण्याच्या गळतीचे किंवा नवजात पिल्लांच्या घटत्या वजनाचे आकडे दिले आहेत का, ते एकदा तपासून पाहा. ते नसतील, तर लेखकांनी फक्त बाहेरच्या थराची परीक्षा केली आहे असे समजावे.